वरच्या खोलीतला पंप

६ जुलै २०२५, रविवार. आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते. कडेगावात मोहरम म्हणजे ताबूत, आणि ताबूत म्हणजे आमच्या गच्चीवर उभं राहिलं तरी मान वर करून बघावे लागतात इतके उंच. काही ताबुतांचा मान हिंदू घरांकडे आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकादशीचा उपास धरून, कपाळाला बुक्का लावून ताबुतांच्या गळाभेटी बघायला गेल्या होत्या आणि त्यात त्यांना काहीही विशेष वाटत नव्हतं. खाली ढोल-ताशे इतक्या जोरात चालले होते की खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

मी वरच्या खोलीत दाराला आतून कडी लावून बसले होते. छातीला प्लॅस्टिकची दोन नरसाळी, त्यांच्याखाली दोन बाटल्या, मांडीवर मुठीएवढी मोटर. एरवी तिची घरघर जिन्यापर्यंत जाते म्हणून मी मोबाइलवर गाणी लावते. त्या दिवशी गरज नव्हती. वीस मिनिटं झाली. बाटल्या कोरड्या. पंपिंगचा सहावा दिवस होता आणि एकूण उत्पादन शून्य.

मला सहा-सात आठवड्यांनी मूल होणार होतं. ते त्या क्षणी खालच्या मजल्यावर, माझ्या जावेच्या पोटात होतं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला लाथ मारत होतं, असं तिनं संध्याकाळी सांगितलं.

थोडं मागचं सांगते. मला जन्मापासून गर्भाशय नाही. एमआरकेएच म्हणतात त्याला. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीला असतं. सतरा वर्षांची झाले तरी पाळी आली नाही म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा कळलं. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, माझ्यासमोर माझ्या आईशी बोलले. अंडाशय व्यवस्थित आहेत, बाकी वाढ व्यवस्थित आहे, फक्त 'तेवढं' नाही. आई विट्याला परत येईपर्यंत एसटीत रडली. मी बारावीच्या फिजिक्सचा विचार करत होते, किंवा करत असल्याचं दाखवत होते. पुढे सांगलीत इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. लग्न ठरताना नवऱ्याला दुसऱ्याच भेटीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग कॉफी संपवली. मग म्हणाला, "घरी मी सांगतो." ते त्यानं खरंच सांगितलं. यासाठी मी त्याला बाकी बरंच माफ करते.

पुण्यातच २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमनं गॅलेक्सी केअरमध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून मूलही जन्मलं. आम्ही तो विचार केला होता. पण त्यात देणारीचं मोठं ऑपरेशन, घेणारीचं मोठं ऑपरेशन, वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. देणार कोण, तर माझी आई, रक्तदाबाची रुग्ण. ती एका पायावर तयार होती. मी नाही म्हटलं.

राहिली सरोगसी. हा शब्द आमच्याकडे लोकांना 'मिमी' सिनेमामुळे माहीत आहे. तो ज्या मराठी सिनेमावरून केला, समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!', तो फार कमी जणांनी पाहिलाय. दोन्हींत परदेशातून कुणीतरी येतं आणि पैसे देऊन जातं. आता तसं काही होत नाही. २०२१चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ला लागू झाला आणि पैसे देऊन-घेऊन सरोगसी बंद झाली. दवाखान्याचा खर्च आणि सरोगेटचा छत्तीस महिन्यांचा विमा, याउपर तिला एक रुपया देणं हा गुन्हा आहे. ती विवाहित हवी, तिला स्वतःचं मूल हवं, वय २५ ते ३५, आणि आयुष्यात एकदाच. जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, शपथपत्रं. आमची फाइल जमायला वर्षाच्या वर गेलं. नवऱ्यानं तिला पिवळं कव्हर घातलं होतं आणि घरात सगळे तिला 'पिवळी' म्हणायचे. पिवळी कुठाय, पिवळी सांगलीला न्यायचीय.

कायद्याचा हेतू मला पटतो. गरीब बाईचं पोट भाड्यानं घेतलं जात होतं, ते थांबायलाच हवं होतं. पण पैसे काढून टाकले की काय उरतं, तर नातं. आणि एकत्र कुटुंबात धाकटी जाऊ रडतेय, सासू गप्प आहे, अशा वेळी थोरलीनं दिलेला होकार कितीसा मोकळा असतो, हे कुठल्याही मंडळाला तपासता येत नाही. तिला एकटीला बसवून विचारलं होतं, हे खरं. ती हो म्हणाली, हेही खरं. मी तिला अक्का म्हणते. तेहतीस वर्षांची, दोन मुलं, बारावीनंतर लग्न, दोन्ही बाळंतपणं साधी. एका दिवाळीत भांडी घासता घासता तीच म्हणाली होती, "माझं काय वाया चाललंय? मी ठेवते की." ताटं धुऊन ठेवते म्हणावं, तसं. मी तिला पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा ती चिडली.

एकदा तिनंच बोलून दाखवलं, "पैसे घेता आले असते तर बरं झालं असतं बघ. हिशेब मिटला असता." ती हसत होती. मी नाही हसले.

दुधाचं माझ्या डोक्यात कधी आलं, तेही सांगायला हवं, कारण ते फार चांगल्या जागेवरून आलेलं नाही. अक्काचं पोट दिसायला लागलं तेव्हा आम्ही जवळच्या चार घरांत खरं काय ते सांगून टाकलं. लपवून किती लपवणार? लोक समजून घेतात, आपण समजतो त्याहून जास्त. पण एक मावशी चहा पिताना सहज म्हणाल्या, "म्हणजे तू नुसतं नाव लावणार." त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्यांना व्यवस्था नीट समजली होती, इतकंच. मी पुण्याला परत येईपर्यंत ते वाक्य चघळत राहिले. अंडं माझं आहे, मी म्हणू शकले असते. पण अंडं कुणाला दिसतं? पोट दिसतं. पदराखालचं बाळ दिसतं.

त्याच रात्री मी शोधलं: मूल न जन्मवता दूध येतं का?

येतं. दूध बनवायला गर्भाशय लागत नाही, हे मला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गरोदरपणात वारेतून येणारी हार्मोन्स स्तनांतल्या दूधग्रंथी वाढवतात. बाळंतपणात वार पडली की ती हार्मोन्स एकदम उतरतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येणारं प्रोलॅक्टिन कामाला लागतं. म्हणजे यात दोन सिग्नल आहेत: आधी चढ, मग अचानक उतार. ते बाहेरून देता आले तर शरीर फसतं. कॅनडात लेनोर गोल्डफार्ब नावाच्या बाईंना सरोगसीतून मुलगा होणार होता. त्यांनी डॉ. जॅक न्यूमन यांच्या मदतीनं हे करून बघितलं, आणि त्यातून जी पद्धत बसली ती आज दोघांच्या नावानं ओळखली जाते. पाच-सहा महिने गर्भनिरोधक गोळ्या मध्ये खंड न पाडता घ्यायच्या, म्हणजे शरीराला वाटतं गरोदरपण चालू आहे. सोबत डोमपेरिडोन. मूल यायच्या साधारण सहा आठवडे आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद, म्हणजे शरीराला वाटतं वार पडली. डोमपेरिडोन चालू ठेवायचं आणि दर तीन तासांनी पंप, रात्रीसुद्धा.

डोमपेरिडोन म्हणजे आपली उलटीची गोळी. ती मेंदूबाहेरच्या डोपामाइनला अडवते आणि डोपामाइन अडलं की प्रोलॅक्टिन वाढतं. हे वाचून कुणी मेडिकलमधून पाकीट आणू नका, हात जोडते. या गोळीनं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि अमेरिकेत ती मंजूरच नाही. ती एकदम बंद केली तरी त्रास होऊ शकतो. पुण्यातल्या माझ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, घरात कुणाला हृदयाचा विकार आहे का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, हे सगळं विचारलं, मग चिठ्ठी दिली. कडेगावच्या मेडिकलवाल्या काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि काळजीनं विचारलं, "पित्त फारच झालंय का?" मी हो म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या फेब्रुवारीच्या मध्यावर. 'छावा' नुकताच लागला होता आणि ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मी सिनेमा बघताना मात्र धाराऊवर अडकले. पुण्याहून गावाकडे येताना शिरवळच्या आधी कपूरहोळ लागतं. शेकडो वेळा ती पाटी बघितली असेल. धाराऊ तिथली, गाडे घराण्यातली. १६५७मध्ये पुरंदरावर संभाजी जन्मले, सईबाईंची तब्येत ढासळलेली, अंगावर दूध नाही, म्हणून किल्ल्याच्या परिसरातली ही ओली बाळंतीण बोलावली गेली. तिचे मुलगे पुढे राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. मराठीत या नात्यांना साडेतीनशे वर्षं शब्द आहेत: दूधआई, दूधभाऊ. पोटात वाढवणाऱ्या दुसऱ्या बाईला शब्द नाही, आम्ही फॉर्मवर इंग्रजी शब्दच मराठी लिपीत लिहिला. आणि मला जी व्हायचं होतं, म्हणजे अंडं माझं, दूध माझं, पोट दुसरीचं, तिलाही नाही.

(लोक यशोदेचं उदाहरण देतात. प्रत्येक जण देतो. यावर आमच्या अक्काचं म्हणणं असं की कृष्णाला दूध पाजायला आणखी एक बाई आली होती, तिचं नाव कुणी घेत नाही. पूतना.)

जूनअखेर मी वर्क फ्रॉम होम घेऊन कडेगावला आले. नियमानं मला रजा आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर सरोगसीतून मूल होणाऱ्या आईला, अंडं तिचं असेल तर, मूल हातात आल्या दिवसापासून बारा आठवडे मिळतात. स्वतः जन्म देणारीला सव्वीस. केंद्र सरकारच्या नोकरीत असते तर २०२४च्या नियमांनी १८० दिवस मिळाले असते. त्याआधीच्या तयारीला अर्थातच रजा नाही. तयारी कसली, असंच कुणीही विचारेल. म्हणून मी कॅलेंडरमध्ये रोज तीन वेळा 'डीप वर्क' असं लिहून वेळ अडवला. एकदा डेप्लॉयमेंट अडकलं आणि कॉल लांबला, तेव्हा कॅमेरा बंद, माइक म्यूट, आणि खाली घर्र-घर्र. मी माइक सुरू करून बोलले तेव्हा टीममधला एक जण म्हणाला, "तुझ्याकडे मागे कसलीतरी मोटर चालू आहे." मी म्हटलं, गावाकडे आहे, शेतातला पंप.

पंप शब्दानं घरातही घोळ घातलाच होता. कुरिअर आलं तेव्हा नवरा मामंजींना म्हणाला, पंप आलाय. मामंजी बाहेर येऊन एवढंसं खोकं बघून म्हणाले, "किती एचपीचा?" टेंभूचं पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला आणि पंप म्हणजे काय हे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. आत्याबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं. ते दोन दिवस माझ्यासमोर आलेच नाहीत.

आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. "म्हशीलासुद्धा व्याल्याबिगर दूध येत नाही. तुला कसं यायचं?" मी हार्मोन्सचा चार्ट काढून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि शतावरी कल्प आणून दिला. अळीव, डिंक, खसखस सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, खा, पुरावा फारसा नाही, पण खा. मी खाल्लं. वजन चार किलोनं वाढलं, बाटली तशीच.

सहाव्या दिवशी, त्या ताबुतांच्या गजरात, मी पहिल्यांदा रडले. संध्याकाळी नवरा ताबूत बघून आला. हे ताबूत आधी कळस, मग पाया असे बांधतात म्हणे. तो मला धीर द्यायला म्हणाला, बघ, आपलंपण तसंच आहे. मी म्हटलं, ते बांधणाऱ्यांना दीडशे-दोनशे वर्षांची सवय आहे, मला सहा दिवसांची. मग त्यानं पंपाचे भाग गरम पाण्यात घातले. रोज आठ वेळा ते भाग धुवायचे असतात. त्यातले चार तो धुतो.

मामंजींनी अप्रत्यक्ष मदत केली, ती अशी. एके सकाळी गोठ्यातून दूध घेऊन आले आणि कुणाकडेही न बघता बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी एका म्हशीचं रेडकू मेलं, म्हैस दूध सोडेना. मग त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवलं. ती चाटायला लागली आणि पान्हा आला. "जनावराला हुंगायला काहीतरी लागतं," एवढं बोलून ते गेले.

गोष्ट क्रूर आहे, पण शास्त्राला धरून आहे. दूध बनणं एक आणि दूध सुटणं वेगळं. सुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि ते स्पर्शानं, वासानं, आवाजानं, नुसत्या आठवणीनंही येतं. भीती आणि ताणानं अडतं. मी वीस मिनिटं बाटलीच्या खुणांकडे डोळे लावून बसायचे, एखादा सर्व्हर वर येतोय का बघावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं, बाटलीवर मोजे चढव. खरंच, बाळाचे मोजे. दिसलंच नाही पाहिजे. आणि मोबाइलवर सोनोग्राफीतल्या हृदयाच्या ठोक्यांची क्लिप लाव.

१९ जुलैला, पहाटे तीनच्या पंपिंगला, उजव्या नरसाळ्यात एक थेंब दिसला. पांढरा, चिकट. बाटलीपर्यंत पोचलासुद्धा नाही. मी तो बोटानं पुसला आणि चाटला. गोड होता. नवऱ्याला उठवलं. त्यानं टॉर्च लावून बघितलं, आणि आम्ही दोघं पहाटे तीन वाजता एका प्लॅस्टिकच्या नरसाळ्यावर टॉर्च मारून बसलो होतो. सकाळी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी काही न बोलता देवापुढे साखर ठेवली. मग मला म्हणाल्या, "म्हशीपेक्षा हुशार निघालीस."

इथपर्यंत सगळं माझ्या शीटप्रमाणे चाललं होतं. थेंब, मग दोन मिली, मग पाच. जुलै संपताना दिवसाचे तीस. मी आलेख काढत होते. आणि खरं सांगायचं तर त्या आलेखात अक्का कुठेच नव्हती.

छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला आम्ही तिघी कराडला गेलो. मी, अक्का, आत्याबाई. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि मग म्हणाल्या, चीक मात्र पहिल्या दिवसांत हिचा द्या. तुमचं दूध हे पुढच्या दिवसांच्या दुधासारखं आहे, त्यात चीक नाही. चीक जन्म देणारीलाच येतो.

चीक. गाय-म्हैस व्याल्यावरचा, ज्याचा खरवस होतो, तो. बाईचाही असतो, पिवळा, घट्ट, जेमतेम चमचे-चमचे. बाळाला संसर्गापासून वाचवणारं बरंच काही त्यात एकवटलेलं असतं.

गाडीत कुणी बोललं नाही. माझ्या मनात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझ्या मनात होतं: तेवढंही तिचंच? नऊ महिने तिचे, कळा तिच्या, पहिलं दूध तिचं. मग माझं काय, तीस मिली? मी सहा महिने गोळ्या खाल्ल्या त्या कशासाठी? मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुधाची बँक काढली, आशियातली पहिली. तिथे कमी दिवसांची बाळं कुठल्याकुठल्या बायांचं दूध पिऊन जगतात. मी हे सगळं वाचलेलं होतं, वाचून डोळ्यांत पाणी आणलेलं होतं. पण ती बाई अनोळखी असते. स्वयंपाकघरात शेजारी बसून शेंगा सोलत नसते.

दोन दिवस मी अक्काशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी ती जिना चढून वर आली. सदतिसाव्या आठवड्याला टेकलेलं पोट, पायांना सूज, तिनं जिना चढायचाच नव्हता. मी पंप लावून बसले होते. ती समोर खाटेवर बसली. आधी तिनं कधी हे बघितलं नव्हतं.

"दुखतं का?"

"सुरुवातीला. आता नाही."

मग बराच वेळ ती नुसती बघत राहिली. आणि म्हणाली, "मी त्याला पाजणार नाही."

मला वाटलं ती माझ्यासाठी बोलतेय. मी घाईघाईनं म्हणाले, अक्का, असं नको, डॉक्टर म्हणाल्यात, बाळासाठी चांगलं आहे, मला काही वाटणार नाही. आता मला मोठेपणा सुचला होता.

"तुझं नाही गं. माझं सांगते." तिनं हात पोटावर ठेवला नाही, बाजूला खाटेवर ठेवला होता, हे मला दिसलं. "पोटात ठेवलं ते ठेवलं. त्याला मी मनातनं रोज सांगते, तू तिचा. पण एकदा का तोंड लावलं ना, मग माझ्याच्यानं सोडवणार नाही. दोघांना पाजलंय मी. मला माहीत आहे ते काय असतं. तुला माहीत नाही."

मोटर चालू होती. बंद करावी की नाही ते कळेना.

सहा महिने मी या प्रश्नाचा माझ्या बाजूनं विचार केला होता. किती मिली, किती वाजता, कोण काय म्हणेल. बाळ जन्मल्यावर अक्काला दूध येणारच, आपोआप, भरपूर, गोळ्यांशिवाय, पंपाशिवाय, आणि ते तिला आटवावं लागणार, हे माझ्या शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. मी दूध आणायला धडपडत होते, आणि खाली एक बाई आलेलं दूध परत कसं पाठवायचं याची तयारी एकटी करत होती. तिनं आत्याबाईंना विचारलंही होतं. छाती कशी बांधायची, किती दिवस दुखतं.

त्या रात्री मी तिच्यासाठी शोधलं. मोगऱ्याची फुलं छातीला बांधली तर दूध कमी होतं, यावर भारतातच अभ्यास झालाय आणि १९८८ साली प्रसिद्ध झालाय. दूध आणि ठणका कमी करण्यात फुलं तेव्हाच्या गोळीच्या तोडीची ठरली होती. मी पळत खाली जाऊन सांगितलं. अक्का म्हणाली, "श्रावणात मोगरा कुठला आणणार?" मग कोबीची थंड पानं ठरली. ती तर मंडईत मिळतात.

आणि चिकाचा मार्ग डॉक्टरांनीच काढला. सदतीस आठवडे पूर्ण झाले की, बाकी काही अडचण नसेल तर, हातानं थेंब थेंब काढून साठवता येतो, जन्माच्या आधीच. सिरिंजमध्ये भरून फ्रीझरमध्ये. अंगाला लावायची गरज नाही. अक्कानं एक दिवस विचार केला आणि म्हणाली, "वाटीत देते. वाटीत चालेल मला."

तर आता आमच्या घरात दोन पाळ्या चालतात. दुपारी जेवणं झाली की अक्का स्वच्छ हात धुऊन वाटी घेऊन बसते, मी पंप घेऊन. आता मी खालीच बसते, वरच्या खोलीत जात नाही. तिचे थेंब पिवळेधमक, हळदीच्या दुधासारखे. एका बैठकीत मिलीभर. माझं पांढरं-निळसर, पातळ, काल दिवसभराचं साठ मिली. महिन्याभराच्या बाळाला दिवसाला याच्या दहापट लागतं. डॉक्टर म्हणाल्यात, तुमचं पाव-निम्मं निघालं तरी पुष्कळ समजा. बाकीचं डब्याचं, छातीला बारीक नळी चिकटवून, म्हणजे ओढेल तेव्हा दोन्ही मिळून जाईल. आत्याबाईंनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलंय. चुलत सासरे गलाईच्या धंद्यात दक्षिणेत होते, त्यांनी माझ्या थोरल्या दिरांच्या बारशाला आणलेलं. चिंचेनं घासून लख्ख केलं, मग मी ते वीस मिनिटं उकळलं, त्यावरून आमचं थोडं वाजलं. अक्काच्या मुलीनं, वय वर्षं नऊ, डब्यांवर तारखा लिहायचं काम अंगावर घेतलंय. फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी तिच्या अक्षरात दोन रांगा आहेत. एकावर 'मम्मी' आणि एकावर 'काकू'. बाळ मला काय म्हणेल, हे तिनं विचारलं. बाळ आधी येऊ दे, म्हटलं.

तारीख २२ ऑगस्टची दिली आहे.

परवा रात्री दोन वाजता लाइट गेली. आधी माझ्या मनात बाळ नाही, फ्रीझर आला. अंधारात जिना उतरले तर अक्का आधीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, पाय लांब करून. तिलाही झोप नव्हती.

"फ्रीज उघडू नको," ती म्हणाली.

"नाही उघडत."

माझी पंपाची वेळ झालीच होती. बॅटरी होती. तिच्या शेजारी बसले आणि लावला. बाहेर पाऊस बारीक. घरघर तेवढी चालू. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "किती आलं?"

"दिसत नाही."

"असू दे. लाइट आल्यावर बघू."